शेपटी, खोकला आणि अकोटची गाडी

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं एका शेपटीकडे बघत बसले होते. उंदराची नव्हे, उंदरांना मी घाबरते. ही शेपटी एका विकराची, म्हणजे एन्झाइमची. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं, त्या पेशींवर हे विकर बसतं. अंग सगळं बाहेर, रक्ताच्या धारेत, आणि इवलीशी शेपटी तेवढी पेशीच्या आत. बाहेरच्या अंगाने ते एका साध्या रेणूचे दोन दाणे छाटतं. छाटलं की तो रेणू रक्तवाहिन्या आवळतो आणि रक्तदाब चढतो. म्हणून डॉक्टर जी गोळी देतात, ती जाऊन या विकराच्या तोंडात बसते आणि त्याची छाटाछाटी बंद पाडते. एवढं जगाला ठाऊक होतं. गोळी बाहेर बसली की आतली शेपटी गप्प राहत नाही, ती पेशीला निरोप धाडते, हे मागाहून कळलं. तो निरोप नेमका कुठून कुठे जातो, हे बघणं माझं काम. माझ्या सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या, "ती शेपट्यांचं काहीतरी करते."

अशात अकोटच्या एका कॉलेजाचं पत्र आलं. रक्तदाबावर सोप्या मराठीत व्याख्यान हवं होतं. आमच्या विभागप्रमुखांनी ते माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "तुम्ही जा, तुम्हाला बोलायची हौस आहे." खोटं नव्हतं. मी निघाले.

सोमवार, अमरावती

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझी पिशवी, वही आणि चष्मा असा तपास करून विचारलं, "कोन्त्या च्यानलच्या?"

"चॅनलची नाही मी."

"मंग समितीच्या?"

आत्महत्या आणि सरकारी पॅकेज गाजत होती त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरून कोणी वही घेऊन उतरलं की ते शेतकऱ्यांचं काहीतरी करायला आलंय, हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. धरलं तर काय चुकलं म्हणा! माझ्याच लॉजवर दोन कॅमेरेवाले, एक समिती आणि उन्हाने लाल झालेली एक परदेशी बाई उतरली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, मी रक्तवाहिन्यांसाठी आलेय. तो म्हणाला, "म्हंजे आता त्यायचंबी पॅकेज निंगालं?"

संध्याकाळी गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा, त्यावर पातळ दही, त्यावर चटणी, आणि त्यावर पुन्हा चटणी. आमच्या पुण्यात जास्तीची चटणी मागितली तर दुकानदार असा बघतो की जणू त्याच्या मुलीला मागणी घातली. इथे दुकानदारच मला म्हणाला, "घ्या न बाई, लाजता काहून?" मी लाजले नाही. त्याचे परिणाम मंगळवारी पहाटे भोगले, पण त्याबद्दल दुकानदाराला बोल लावणार नाही.

मंगळवार, परतवाड्यावरून अकोटकडे

एसटी परतवाड्यावरून, अंजनगावावरून अकोटला जाते. परतवाड्याला अर्धी गाडी संत्र्यांच्या टोपल्यांनी भरली आणि उरलेली माणसांनी. मला कंडक्टरच्या जवळची जागा मिळाली. कंडक्टर इंगळेभाऊ, पन्नाशीच्या आसपासचे, खाकी शर्ट कडक इस्त्रीचा, मिशी त्याहून कडक. एक हात सवयीने छताशी बांधलेल्या घंटीच्या दोरीवर.

गाडी गावाबाहेर पडली आणि इंगळेभाऊंना खोकला आला. कोरडा, खोल, अंग हलवून टाकणारा. अंग हललं, हात हलला, दोरी ओढली गेली. टण! गाडी थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीशिवाय काही नव्हतं. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. इंगळेभाऊ पुन्हा खोकले. टण टण! गाडी निघाली.

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. सगळी गाडी शांतपणे संत्री सोलत होती.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. या खेपेला एक म्हातारे गृहस्थ टुणकन उतरले, थेट स्वतःच्या शेतात. मग माझ्या ध्यानात आलं, लोक दबा धरून बसले होते! ज्याचं शेत जवळ येई, तो इंगळेभाऊंकडे सरकायचा आणि अतिशय प्रेमाने म्हणायचा, "भाऊ, संत्रं घ्या न, आंबट हाये पण गोड हाये." एका बाईने तर तिखट शेवेची पुडीच पुढे केली. इंगळेभाऊ भिडस्त, नाही म्हणवत नसे. खात, खोकत, दोरी ओढली जाई, आणि ती बाई आपल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुखरूप.

"ड्रायव्हर काही बोलत नाहीत का?" मी विचारलं.

ड्रायव्हर सत्तारभाईंनीच पुढून ओरडून सांगितलं, "दस साल झाले आमची जोडी, मॅडम! पण चार मयन्यांपासून मले समजूनच नाही राहिलं, हा कंडक्टर वाजवते का खोकला वाजवते! आता थांबा म्हन्लं की थांबतो बाप्पा. न थांबलं अन् खरंच कोनाले उतरायचं असलं तं?"

मी पुन्हा इंगळेभाऊंकडे वळले. "औषध घेता का काही?"

"खोकल्याचे तीन बाटल्या झाल्या. फोटो काढला छातीचा, बेडका तपासला, काहीच नाही निंगालं. अकोटात जिनिंग हायेत न, रुई उडते, सारेच खोकतात. पण आता कोनंतरी लिहून देलं वरतं, का कंडक्टरले टीबी हाये." त्यांनी आवाज खाली आणला. "बिरस्पतवारी अकोल्याले तपासनी हाये. अनफिट लिहिलं तं गाडीवरून खाली उतरवतीन. बावीस वर्सं झाले, मॅडम, मले गाडीशिवाय दुसरं काई येतच नाही."

"दुसरी गोळीबिळी चालू आहे?"

"बीपीची हाये. पाच मयने झाले." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. मी नाव वाचलं आणि अक्षरशः उभी राहिले. तीच! माझ्या विकराच्या तोंडात बसणारी! अकरा वर्षं मी तिला काचेच्या बशीत पेशींवर थेंबाथेंबाने टाकत आले, आणि ती एका जिवंत माणसाच्या खिशात, सुट्या पैशांबरोबर, खुळखुळत होती.

"अहो, हा खोकला टीबीचा नाही! गोळीचा आहे!"

गाडीत टाळ्या पडल्या. फक्त तिखट शेवेची पुडी तयार धरून बसलेली दुसरी एक बाई हळहळली, "मंग आता आमच्या वावरापाशी कोन थांबवीन?"

मी सुटले. ते विकर आणखी एक पदार्थ नासवतं, गोळीने विकर अडकलं की तो पदार्थ साठतो आणि काही माणसांना घशात खवखव होते, हे पुस्तकात पहिल्या पानापासून लिहिलेलं आहे. ते मी एका वाक्यात उरकलं. मग माझ्या आवडीच्या विषयावर आले. शेपटीवर! बाहेर गोळी बसली की आत शेपटीच्या एका ठरलेल्या जागी फॉस्फेटची टिकली कशी लागते, ती टिकली लागली की दुसरं प्रथिन कसं जागं होतं, ते तिसऱ्याला कसं उठवतं, निरोप थेट केंद्रकापर्यंत कसा जातो. अंजनगाव गेलं, मी शेपटीवरच होते. अकोट आलं तेव्हा गाडीत मी, सत्तारभाई, इंगळेभाऊ आणि एक झोपलेले गृहस्थ उरलो होतो.

उतरताना मी इंगळेभाऊंना व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. ते हात जोडून म्हणाले, "उद्या सुट्टी हाये. येतो. लय उपकार झाले, मॅडम." मी तरंगत अकोटच्या लॉजवर गेले. एक गोष्ट सांगायची राहिली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

बुधवार, अकोट

अकोटला थंडीच्या दिवसांत सगळीकडे कापूस. बैलगाड्यांवर, विजेच्या तारांवर, चहाच्या कपात. हॉटेलवाल्याने बोटाने रुईचा धागा काढला आणि कप पुढे केला. मीही चवीने प्यायले. पुण्यात असते तर मालकाला बोलावलं असतं.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. कारण नंतर कळलं. पुण्याच्या बाई पॅकेजची माहिती सांगणार, असं कोणीतरी पसरवलं होतं. पंधरा मिनिटांत निम्मे पांगले. उरलेली पोरं-पोरी सभ्यपणे जांभया देत होती. मी फळ्यावर पेशी काढली, पेशीबाहेर विकर, आत शेपटी. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, बाहेर काय झालं ते आतमधल्यायले कसं समजते? त्यायले तं दिसतच नाही."

मी "त्रिमितीय रचनेतील बदल" असं काहीतरी सुरू केलं. मुलीचा चेहरा बघून थांबले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मी सांगू का?"

इंगळेभाऊ! नवा शर्ट, शेजारी त्यांची बायको, कांताबाई, डोक्यावर पदर, मांडीवर झाकलेला डबा.

"हे पाय बाई," इंगळेभाऊ उभे राहून म्हणाले, "मी गाडीच्या मांगं असतो. ड्रायवर समोर. त्याले मी दिसत नाही, मांगं कोन चढलं कोन उतरलं तेबी दिसत नाही. मी दोरी ओढली की त्याच्या डोक्यावर घंटी वाजते. त्याले तेवढंच पुरे हाये. तशी ते शेपटी म्हंजे दोरी. बाहेरून गोळी लोंबकली की आत वाजते. नाई का मॅडम?"

हो, म्हटलं. अगदी तसंच. अकरा वर्षांत मी हे पाच परिसंवादांत सांगितलं आणि एकदाही इतकं नीट सांगितलं नव्हतं. पोरं खडबडून जागी झाली. ती मुलगी तर पेटलीच. "अन् घंटी वाजली की आत काय करतात?"

"तेच विकर आणखी बनवायला घेतात," मी म्हटलं.

"आता गं बाई! बंद कराले गोळी देली अन् ते अजून बनवतात? मंग फायदा काय?"

मी सांगितलं की नवी बनली तरी गोळी त्यांच्याही तोंडात बसतेच, शिवाय त्याच निरोपाने रक्तवाहिनी सैल करणारा एक पदार्थही वाढतो. म्हणजे गोळी फक्त कुलूप लावत नाही, घरात चांगला निरोपही देते. मुलीने वहीत लिहून घेतलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

व्याख्यानानंतर कॉलेजने रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलं होतं. इंगळेभाऊ हसत पुढे आले, बाही सारून बसले. सकाळपासून दोनदाच खोकलो, असं मोठ्या कौतुकाने सांगत होते. मी पट्टा फुगवला, कान लावला, आकडा बघितला. पुन्हा मोजला. वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा.

"गोळी घेतली ना आज?"

"नाई न! कालपासूनच सोडली. तुमीच म्हन्ल्या का गोळीचा हाये. पाकीट गाडीतून फेकून देलं."

गोळी अचानक सोडायची नसते, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची असते, हे एक वाक्य. एवढं एक वाक्य मी अंजनगाव ते अकोट शेपटीच्या नादात गिळलं होतं. आणि उद्या तपासणी! खोकल्यावर अनफिट नाही ठरले तर दाबावर ठरतील, आणि मधल्यामध्ये डोक्यातली एखादी नस फुटली तर? मी तिथेच खुर्चीवर बसले.

कांताबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बावीस वर्सं सांगून राहिली तंबाखूचा खर्रा सोडा, खर्रा सोडा, तं ऐकलं नाई. अन् पुन्याच्या बाईनं गाडीत एकडाव सांगतलं तं लगेच सोडलं! ते बी जे नाई सोडायचं ते!"

"कांताबाई, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"हावच, तुमचीच हाये," कांताबाई म्हणाल्या. पुण्यात कोणी असं तोंडावर म्हणत नाही. घरी जाऊन म्हणतात.

इंगळेभाऊंना राग नव्हता आला. ते माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी अकरा वर्सं याच गोळीवर काम करून राहिल्या. खोकल्याचं कोनाले सांगतलं काहून नाही?"

"खोकला माझा विषय नाही," मी म्हणून गेले. बोलले आणि लाजेने मेले. इंगळेभाऊंनी मान हलवली, जसं काही हे उत्तर त्यांना पटलंच.

मी त्या दोघांना घेऊन तडक त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. गोळी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, काही त्रास झाला तर या. इंगळेभाऊ गेलेच नव्हते. त्यांचा संशय रुईवर होता ना! डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, दाब मोजला आणि दुसऱ्या जातीची गोळी दिली. ही विकराच्या वाटेला जातच नाही. विकराने बनवलेला माल जिथे जाऊन बसतो, ती जागाच अडवते. पहिली गोळी समोर घ्यायला लावली.

"खोकला उद्या थांबणार नाही हं," डॉक्टर म्हणाले. "काही आठवडे लागतील. दाबही एका रात्रीत खाली येत नाही."

"पण तपासनी उद्या हाये!" कांताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलं. कोणती गोळी होती, कधीपासून, खोकला कशाचा, बेडका स्वच्छ, गोळी कधी बदलली. मी तो कागद चार वेळा वाचला आणि पिशवीत ठेवला. अकोल्याहून माझी गाडी होतीच, पण दुपारची. मी म्हटलं, सकाळी मी तुमच्याबरोबर येते.

मग त्यांनी मला घरी जेवायला नेलं. मी नको म्हटलं, तर कांताबाई म्हणाल्या, "चूक केली म्हून काय उपाशी झोपान?" घर दोन खोल्यांचं, स्वच्छ सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. रोडगे होते, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वर तुपाची धार आणि वांग्याची भाजी, तिखटजाळ. इंगळेभाऊंच्या ताटात बिनमिठाची भाजी आली. त्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीही भाजी गोड लागेना. तरी तीन रोडगे खाल्ले, खोटं कशाला बोलू.

गुरुवार, अकोला

सत्तारभाईंनी ड्यूटी मुद्दाम अकोल्याची मागून घेतली. सबंध वाटेत त्यांनी गाडी लग्नाच्या वऱ्हाडासारखी हळू चालवली. "इंगळेले धक्का नाही बसला पायजे," म्हणे. मागून सायकलवाले पुढे गेले.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही चौघे बसलो. इंगळेभाऊंचे हात गार पडले होते. मी त्यांना म्हटलं, दीर्घ श्वास घ्या. त्यांनी घेतला आणि खोकले. कांताबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचा सल्ला गिळला.

आतल्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, आवाज मात्र ठणठणीत. दाब एकशे साठवर होता. इंगळेभाऊ बोलता बोलता चारदा खोकले. बाईंनी पेन उचललं. मी न विचारता आत घुसले आणि कागद पुढे केला.

"तुम्ही कोण?"

मी माझं नाव, पदवी, विकर, सगळं सांगायला तोंड उघडलं. मग शेपटी आठवली आणि मी तोंड मिटलं. म्हटलं, "ज्या बाईच्या बोलण्यावरून यांनी गोळी फेकली, ती मी."

बाईंनी कागद वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "गोळी सोडू नका, एवढं सांगायला किती वेळ लागतो हो?"

"अर्धं मिनिट."

"आणि तुम्ही काय सांगत होतात?"



त्यांनी अनफिट लिहिलं नाही. तीन आठवडे अकोटच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं, मग परत यायचं. तेव्हा दाब आणि खोकला दोन्ही खाली असले तर गाडी, नाही तर कायमची खिडकी. बाहेर आल्यावर इंगळेभाऊ म्हणाले, "तीन हप्ते एका जागी बसून राहाचं? बाप्पा, मी तं मरूनच जाईन!" सत्तारभाईंनी त्यांच्या पाठीत थाप मारली आणि आम्ही सगळे रस्त्यावर उभं राहून वेड्यासारखे हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चक्क रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

स्टेशनवर कांताबाईंनी कच्चा चिवडा दिला, वर चिरलेला कांदा आणि मिरची वेगळी बांधून. "पुन्यात मिळत नसन," म्हणाल्या. मिळत नाही. आमच्याकडे चिवड्यात काजू मोजून टाकतात.

पुणे

परतल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, तर आमच्या इमारतीत, नातलगांत, ऑफिसात ज्यांच्या ज्यांच्या बीपीच्या गोळ्या चालू होत्या त्यांना धरून धरून विचारलं, खोकला येतो का? आणि येत असेल तरी गोळी सोडू नका, डॉक्टरांकडे जा! लोक मला बघून जिना बदलायला लागले. विभागप्रमुख म्हणाले, हे तुमचं संशोधन नाही. म्हटलं, ठाऊक आहे.

चौथ्या आठवड्यात दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. इंगळेभाऊ. जवळजवळ दहा मिनिटं बोलले. खिडकीत बसून लोकांनी कसा जीव खाल्ला, शेववाल्या बाईने गाडी शेतापाशी थांबत नाही म्हणून खिडकीवर येऊन कसं भांडण केलं, दाब किती, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. दहा मिनिटांत एकदाही खोकले नाहीत. शेवटी म्हणाले, "फिट लिहून आलं, मॅडम. उद्यापासून गाडी."

मी टेबलावर हात आपटला. बश्या उडाल्या. मग त्यांनी फोन बायकोकडे दिला.

"कांताबाई, आता तरी खूश ना?" मी विचारलं. "घर शांत झालं असेल."

"शांत झालं न, तेच तं," कांताबाई म्हणाल्या. "पाच मयने रातभर खोकत, मले झोप नाही. पण डोये मिटूनबी समजे, हायेत बाजूले. आता असे गुपचूप झोपतात न बाई, का मले उठून त्यायच्या नाकापाशी हात न्या लागते."